सासूबाईंचं लुगडं आणि हळदीचा रंग

घरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, असं मी 2018 साली ठरवलं. त्या वर्षी 23 मार्चला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, आणि मी घरातल्या सगळ्यांना नियम लावले. ओला कचरा शेतातल्या उकिरड्यावर जाऊ लागला. भाजीच्या देठांबरोबर शाम्पूच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरेही जात होते, ते मी कधी निवडून काढले नाहीत. पेरणीआधी ते खत रानात पसरलं. पहिल्या पावसानं काळ्या मातीतून चकाकणारे तुकडे वर आले. सोयाबीन खुरपताना ते हाताला लागायचे. अजूनही लागतात, अजूनही वेचते. पुडी कुजत नाही हे मला ठाऊक होतं. तरी घराबाहेर गेलं म्हणजे संपलं, असंच मी धरून चालले.

त्याच नियमानं जुन्या कापडांची गोधडी शिवायला घेतली, तेव्हा मात्र मी माणसाला दुखावलं.

सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या पेटीत एक विरलेलं हिरवं इरकल लुगडं होतं. नेसण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून मी ते कापलं. न विचारता. ते त्यांच्या आईनं पहिल्या बाळंतपणात नेसवलेलं होतं, हे मला त्या परतल्यावर कळलं. तुकडे मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "मागितलं असतंस तर मीच दिलं असतं, माय." आमच्या जवळच नर्सी, शिंप्याच्या घरात जन्मलेल्या नामदेवांचं गाव. तिथं दर्शनाला जाऊनही जुन्या कापडाला धनी असतो, हे मला कळलं नव्हतं.

ती गोधडीही बिघडली. अस्तराला कोरं मांजरपाट लावलं, तेही न धुता. मधल्या थरांत पॉलिस्टरच्या साड्या घातल्या, कारण घरात त्यांचाच ढीग होता. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटलं. लुगडं वर्षानुवर्षांच्या धुण्यानं आधीच आटून बसलेलं, ते जागचं हललं नाही. सगळीकडे चुण्या पडल्या आणि आतली पॉलिस्टर सरकून एका कडेला गोळा झाली.

सासूबाईंनी ती उसवायला घेतली. रागावल्या नाहीत, पण प्रत्येक कापड माझ्या हातात देऊन चोळून बघायला लावलं. सुती सुताला धरून बसतं, घाम पितं. पॉलिस्टर दोन्ही करत नाही. आधी सगळे थर जमिनीवर ताणून लांब कच्चे टाके घालायचे. मग कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे झोळ आत अडकत नाही. काय कुठं लावायचं हे त्यांनीच ठरवलं: लुगड्याचे काठ चारी बाजूंनी, मामंजींच्या धोतराचा पांढरा तुकडा मधोमध. रंगांची ती जुळणी मला कितीही पुस्तकं वाचून सुचली नसती.

पांढऱ्यावर थोडा रंग हवा म्हणून मी हळद काढली. आमच्याकडे उकडून वाळवलेली हळद ड्रममध्ये पॉलिश करतात, तेव्हा पिवळी भुकटी पडते. तिच्यात मुलांच्या जुन्या सुती सदऱ्यांचे तुकडे उकळले. उन्हात वाळत घातले तर रंग उडाला, साबण लावला तर लाल डाग पडले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही आणि साबणाच्या खारानं लाल होतो. एवढी सोपी गोष्ट हळदीच्या गावात राहून मी आधी कुणाला विचारली नाही.

मुलीनं मात्र ते टाकाऊ तुकडे उचलले. कडुनिंबाची काडी चुन्याच्या निवळीत बुडवून ती पिवळ्यावर रेघा ओढू लागली. काडी फिरेल तिथं तांबडी वेल उमटली, लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. सासूबाई जवळ सरकल्या आणि पूर्वी कुंकूही हळदीवर असंच चढवायचे, हे सांगू लागल्या. मग त्यांनीच काडी घेऊन दारापुढं काढतात तशी गोपद्मं काढली. ती चित्रं धुण्यात टिकणार नाहीत, म्हणून गोधडीत शिवली नाहीत. सावलीतल्या भिंतीवर लावली आहेत, फिकी झाली की दुसरी काढतो.

पॉलिस्टर साड्यांचा ढीग तसाच आहे. काहींना पीळ देऊन म्हशीसाठी दावी वळली, पण गळ्याला काचतात असं दिसलं म्हणून सोडवली. आता त्या साड्या विकत घ्यायच्याच कमी केल्यात. लग्नाकार्यात मानपानाला येतात त्यांचं काय करायचं, हे पाहुण्यांशी बोलायला हवं. ते अजून झालेलं नाही.