कूळ आणि शिवार

सेमिनरीतील आमच्या वृद्ध गुरुवर्यांनी आजारपणात एक इच्छा बोलून दाखवली : जॉर्जियाची तांबडी वाईन एकदा चाखावी. कॉकेशसच्या कुशीतील त्या देशात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाईनच्या खुणा सापडल्या आहेत. आजही तेथे 'क्वेव्री' नावाचे मातीचे रांजण जमिनीत पुरून त्यांत ती मुरवतात.

मुंबईत दुकानामागून दुकाने पालथी घातली. फ्रान्स-इटलीच्या बाटल्यांच्या रांगा होत्या. जॉर्जियाची मात्र एकच बाटली मिळाली. लिपी अगम्य. 'सापेरावी' हे द्राक्षाचे नाव तेवढे ओळखले आणि समाधानाने परतलो.

गुरुवर्यांनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. वाईन गोड होती आणि त्यांना मधुमेह! मागाहून कळले, एकाच सापेरावीपासून कोरडी मुकुझानी होते आणि गोडसर किंदझमाराउलीही. ही नावे द्राक्षमळ्यांच्या प्रदेशांची.

"कूळ पाहिलंस, शिवार विचारलं नाहीस," ते हसून म्हणाले.

मुकुझानी हाती आली तेव्हा त्यांची महिन्याची मिस्साही होऊन गेली होती. वस्तू असो वा माणूस, नुसत्या कुळावरून ओळख पटत नाही, हा त्यांनी आम्हांला दिलेला अखेरचा पाठ.