साडेबारा हजार किलोमीटर

मुंबई ते न्यू यॉर्क विमानाचं अंतर किती, असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं: सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर ही वाट अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाताना दिसते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो मध्य आशिया, रशिया करत पार उत्तर ध्रुववृत्ताजवळ जातो. तीच खरी जवळची वाट. अर्थात विमान नेमकं त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. वारा आडवा येतो, राजकारणही येतं. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तानने आपापलं आकाश एकमेकांच्या विमानांना बंद केलं आणि कित्येक वाटा लांबल्या.

हे गणित आपल्याला परकं नाही. न्यू यॉर्कहून मक्का नकाशावर आग्नेयेला दिसते, पण तिथल्या बहुतेक मशिदींत लोक ईशान्येला तोंड करून उभे राहतात. कारण तेच, गोल पृथ्वी. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीने शहरांमधली अंतरं आणि गझनीहून किबल्याची दिशा काढण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला. डोंगराची उंची आणि क्षितिजाचा कोन मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्याही काढली.

आमच्या घरात मात्र हे अंतर किलोमीटरमध्ये मोजलं गेलं नाही. अब्बांचा इंतकाल झाला तो फजरच्या थोडा आधी, खेडजवळच्या आमच्या गावात. थोरला भाऊ न्यू जर्सीत. तिथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तिकीट मिळालं तरी विमानाचे पंधरा-सोळा तास, वर मुंबईहून गावापर्यंतचा रस्ता. मयत जास्त वेळ ठेवू नये, ही आपली रीत. जमातीतले बुजुर्ग म्हणाले, "थोरला मुलगा आहे, घरच्यांनी ठरवावं." सगळे आईकडे बघू लागले. आई म्हणाली, "त्यांना ताटकळत ठेवू नका. तो आहे तिथून दुआ करील."

जोहरनंतर दफन झालं. भावाने तिकडे चार मित्रांना घेऊन गायबाना जनाजा नमाज पढली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्यात ती चालते. हनफी मित्रांकडे चालत नाही. हबशाचा राजा नजाशी वारला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढली होती, तिचा हा आधार. भाऊ चौथ्या दिवशी पोचला. कबरीपाशी बराच वेळ बसला. आईशी मात्र तो कित्येक दिवस मोजकंच बोलत होता.

कोकणात घराघरांतून कोणी ना कोणी परदेशी आहे. दुबई तीन तासांवर, तिथला मुलगा धावतपळत मयतीला पोचतो. अमेरिकेतला पोचत नाही. म्हणून मला वाटतं, थांबायचं की नाही, हे ज्याच्या मयतीचा प्रश्न आहे त्यानेच जिवंतपणी सांगून ठेवावं. विषय अशुभ वाटतो, म्हणून आपण टाळतो. मग तो निर्णय एखाद्या बाईला, नवरा गेल्याच्या दुसऱ्या तासाला, एकटीने घ्यावा लागतो. आईने आता स्वतःचं आम्हा दोघांना सांगून ठेवलं आहे: "माझ्यासाठीही थांबू नका." भावाने ते फोनवर ऐकलं आणि या वेळी "बरं" म्हणाला.