जोत्याखालचा हिशेब

कादंबरीत घर बांधणे फार स्वस्त पडते. ‘गावाच्या कडेला चिरेबंदी वाडा होता’ एवढे पाच शब्द लिहिले की वाडा उभा राहतो. त्याला रेती लागत नाही, मिस्त्रीची मनधरणी करावी लागत नाही, आणि पुढल्या प्रकरणात तो पाडायचा झाला तर मातीसुद्धा उचलावी लागत नाही. मी आजवर कागदावर सात घरे बांधली, दोन जाळली, एक सावकाराच्या घशात घातले. इतका अनुभव गाठीशी असल्यावर स्वतःचे एक साधे घर आपण सहज बांधू, असे मला वाटले असेल तर नवल नाही. त्यातून मी शाळेत मुलांना गणित शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही हे खरे; परंतु घनफळ काढण्यापुरते ते पुरेसे आहे, अशी माझी समजूत होती.

आमचे कारधा वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या समोर. मधे नदी आणि नदीवर पूल. पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, आणि 245.50 मीटर हा तिथला धोक्याचा आकडा इकडच्या लहान पोरालाही पाठ असतो. आमचे जुने घर आजोबांच्या वेळचे. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू, आणि एकाच आढ्याखाली अलीकडे माणसे व पलीकडे ढोरांचा कोठा. मधे एक कूड. लहानपणी रात्री जाग आली तर पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटी हलकेच वाजे, आणि घरात कोणीतरी जागे आहे एवढ्या आधारावर मी पुन्हा झोपी जाई.

2020 च्या ऑगस्टअखेरीस पूर आला. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी, खाली गोसेखुर्द धरणाची तेहेतीसच्या तेहेतीस दारे उघडलेली, आणि मधे आम्ही. पाणी गडगडाट करीत येते, असे मीच माझ्या एका कादंबरीत लिहिले आहे. ते खोटे आहे. ते पावले न वाजवता आले. आईने पाय खाली सोडला तो पाण्यात. धाकट्या भावाने कोठ्यातली दावी कापली, कारण गाठी सोडायला उसंत नव्हती. तिसऱ्या दिवशी दोन्ही बैल सडकेपलीकडून परत आले. गाय आली नाही. पाणी ओसरल्यावर घराच्या दोन भिंती बसल्या होत्या आणि उरलेल्या भिंतीवर जमिनीपासून साडेतीन फुटांवर गाळाची एक सरळ रेघ उमटली होती. मी शाळेत फळ्यावर इतकी सरळ रेघ कधी काढलेली नाही.

मग मी शंभर पानी वही घेतली.

घर कसे असावे याबद्दल आमच्यात वाद होता. सौभाग्यवतीला स्लॅब हवा होता. भावाचे म्हणणे, कोठा दूर सांधवाडीत न्यावा. आजकाल घरात शेणाचा वास कोण सोसतो? आई मात्र एकाच छपरावर अडून बसली. याच सुमारास माझ्या एका अमेरिकावासी मावसभावाचा फोन आला. तो म्हणाला, तिकडे आता हौसेने लोखंडी सांगाड्याची, पत्र्याच्या छपराची, कोठ्यासारखी घरे बांधतात, आणि त्यांना ‘बार्नडोमिनियम’ म्हणतात. बार्न म्हणजे धान्य-ढोरांचा कोठा. 1989 साली कनेक्टिकटमध्ये घोड्यांसह राहणाऱ्यांसाठी आखलेल्या वसाहतीच्या निमित्ताने हे नाव पुढे आले म्हणे. मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, “मंग आपले बुढे का अमेरिकेतून आले होते का?”

तर ठरले ते असे: चोवीस फूट रुंद, पन्नास फूट लांब, एकच छप्पर. तीस फूट माणसांचे, वीस फूट ढोरांचे नि धानाचे. लोखंडी कैच्यांवर पत्रा. स्लॅबचा खर्च झेपणारा नव्हता. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, म्हणून खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत, आणि कोठ्यावरच्या माळ्यात तणस. तणसाचा माळा आणि चूल एका छपराखाली येणार, म्हणून मधली भिंत थेट पत्र्याला टेकेपर्यंत विटांची. पावसाळी वारा आमच्याकडे नैऋत्येकडून येतो, म्हणून कोठा ईशान्येच्या टोकाला, आणि मूत वाहून नेणारी नाली सरळ खताच्या खड्ड्यात. एवढे केले म्हणजे शेणाच्या वासाचा निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा सवयीने मिटतो.

खर्चाचे पान आजही माझ्यापुढे आहे. मजुरी धरून पाया व जोत्याच्या भिंती 95,000, वरच्या भिंती 1,20,000, छप्पर 1,80,000, जुने सागवान वापरून दारे-खिडक्या 40,000, जमिनी 45,000, वीज, पाणी, संडास 40,000, आणि वरखर्च 30,000. एकूण साडेपाच लाख. जमेच्या बाजूला साठवलेले पैसे, पतपेढीचे कर्ज, आणि कादंबरीचे मानधन, ज्यातून संडासाचे दार झाले. 3 फेब्रुवारी 2021 च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन ते सहा जनावरांच्या कोठ्यासाठी रोजगार हमीतून 77,188 रुपये मिळण्याची सोय झाली होती. तो आकडा मी पेन्सिलीने लिहिला, आणि भावाकडे जॉबकार्ड नाही हे कळल्यावर खोडरबराने पुसला. घरकुलाच्या यादीत बसण्याइतका मी गरीब नव्हतो. शेजारच्या बाई बसल्या. त्यांचा हिशेबही माझ्याच वहीत आहे. 1,20,000 रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, आणि घर निदान पंचवीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे 269 चौरस फुटांचे. त्यांनी हिशेब माझ्याकडून करून घेतला आणि माझ्याआधी घरात राहायलाही गेल्या. कारण त्यांनी मला विचारले तेवढेच. बाकी सगळे स्वतःच्या डोक्याने केले.

सेवाग्रामला सहलीची मुले घेऊन मी अनेकदा गेलो आहे. 1936 साली तिथे गांधीजींसाठी पहिली झोपडी बांधायची ठरली तेव्हा खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये आणि सामान आसपासचेच असावे, अशी त्यांची अट होती. मुलांना हे सांगताना मला नेहमी गांधीजींचे कौतुक वाटे. घर बांधायला काढल्यापासून मला त्या झोपडीच्या मिस्त्रीची काळजी वाटू लागली आहे.

आमचा मिस्त्री सातवी नापास. त्याने वही उलटसुलट पाहिली, ‘अक्षर बेस आहे’ म्हणाला, आणि विचारले, “मास्तर, जोता किती उंच?”

“चार फूट. पुराच्या रेघेवर अर्धा फूट.”

“मंग त्याच्या पोटात का भराल? हवा?”

मी गप्प बसलो. पाया धरला होता, भिंती धरल्या होत्या, वरची फरशी धरली होती. पण पाया आणि फरशी यांच्यामधला चार फुटांचा खड्डा माझ्या हिशेबात नव्हताच. चोवीस गुणिले पन्नास गुणिले चार: 4,800 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे अठ्ठेचाळीस ब्रास मुरूम. ठोकल्यावर तो दबतो, म्हणून आणखी पाव. साठ ट्रॉल्या. त्या वेळी ट्रॉलीला आठशे रुपये पडत. अठ्ठेचाळीस हजार झाले. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. एकदा वर्गात मी ‘ब्रास म्हणजे काय’ असे विचारले तेव्हा अर्धी मुले ‘पितळ’ म्हणाली आणि अर्धी ‘एक ट्रॉली रेती’. मी पितळवाल्यांना बरोबर दिले होते. त्या दिवशी मला दुसऱ्या बाकावरच्या मुलांची माफी मागावीशी वाटली.

“आनखी एक,” मिस्त्री म्हणाला, “चार फुटावर बैल का उडून जाईन का?”

कोठ्याला उतार हवा. चोवीस फूट लांब, सहा फूट रुंद. त्याच्या चार ट्रॉल्या, 3,200. सगळे मिळून 51,200, आणि वरखर्चाला मी ठेवले होते तीस हजार. एकवीस हजारांचा खड्डा पडला.

मिस्त्रीनेच तोड काढली. कोठ्याचे जोते दीडच फूट ठेवा. बारा ब्रास वाचतात, दबण्याचे धरून पंधरा ट्रॉल्या, म्हणजे बारा हजार. उतारही जवळजवळ वाचतो. राहिले सहा हजार, ते कुठूनही निघतील. हिशेब इतका चोख होता की मी लगेच वहीत लिहायला घेतला. भावाने मान डोलावली. सौभाग्यवतीनेही.

आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, “पानी का ढोरासाठी खाली थांबते?”

कोणी उत्तर दिले नाही. त्या रात्री तिने कापलेली दावी जपून ठेवली होती, हे आम्हा दोघा भावांना माहीत होते. सुंभाची दोन दावी बैल परत आल्यावर पुन्हा गाठ मारून वापरली. तिसरे तिच्या ट्रंकेत होते. मी वही मिटली.

रात्री पुन्हा उघडली तेव्हा पानावर कापण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. माणसांच्या बाजूला आठ फुटांचा एक खण मी माझ्यासाठी धरला होता: लेखनाची खोली आणि तिच्यापुढे छोटी पडवी. त्या खोलीची खिडकी नदीकडे उघडणार होती. तिच्यात बसून मी कोणती कादंबरी लिहिणार तेही ठरले होते. तो खण काढला की पन्नासाचे बेचाळीस फूट होतात. छप्पर, भिंती, मुरूम मिळून चाळीस हजारांच्या आसपास वाचतात. मी तीन वेळा आकडेमोड केली. चौथ्यांदाही उत्तर बदलले नाही. माणसांना बावीस फूट, ढोरांना वीस.

सकाळी मी सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, “बरं झालं. नाही तरी तुम्ही चुलीजवळच लिहिता.”

घर 2021 च्या पावसाळ्याच्या तोंडावर उभे राहिले. वाचलेल्यातले एकोणीस हजार उरतील असे वाटले होते. त्या वर्षी लोखंडाचे भाव चढतच होते, ते त्यात गेले. तेव्हा सिमेंटवर शेकडा अठ्ठावीस कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो अठरा झाला, ही बातमी मी त्याच सिमेंटच्या ओट्यावर बसून वाचली. मावसभावाने घराचा फोटो मागवला आणि तिकडच्या मित्रांना दाखवला. त्यांना ते फार आवडले. फक्त बैल खरे आहेत का, असे त्यांनी विचारले.

एक गोष्ट हिशेबात धरायची राहिलीच. कोठ्यात खुंटे दोन लागत होते. मिस्त्रीने खड्डे खोदले तेव्हा आईने तिसरा दाखवला, आणि जुन्या घरातला बाभळीचा खुंटा स्वतः आणून दिला. ती जागा चार वर्षे रिकामी होती. गायगोधनाच्या दिवशी बैलांना ओवाळून झाले की ती त्या खुंट्यालाही कुंकू लावी, आणि आम्ही दुसरीकडे पाहत असू.

यंदा धाकट्या लेकीने शेजारच्या बाईंकडून एक पाट आणली आहे, काळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. कुणाला न विचारता तिने ती त्या तिसऱ्या खुंट्याला बांधली. आई पाणी घेऊन कोठ्यात गेली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मग आत येऊन तिने ट्रंक उघडली. पोरीने बांधलेली नायलॉनची दोरी गळ्याला काचते म्हणाली, आणि सुंभाचे ते जुने दावे, गाठ मारून, तिच्या हाती दिले.