स्टिअरिंग सोडल्यानंतर

साठी ओलांडलेला माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात येतो तेव्हा गाडी चालवण्याबद्दल आपणहून काही सांगत नाही. वाचायचा चष्मा बदलायचा आहे म्हणतो, डोळ्यांतून पाणी येतं म्हणतो, टीव्हीवरची अक्षरं पुसट झालीत म्हणतो. परतवाड्यात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करताना मी प्रत्येकाला एक प्रश्न नेमानं विचारत आले. "काका, रात्री गाडी चालवता काय?" उत्तर बहुधा एकाच वळणाचं असे. "चालवतो ना मॅडम. पण समोरून ट्रक आला का मले निस्ता उजेड दिसते, रस्ता दिसतच नाही." एवढं ऐकलं की निम्मं निदान झालेलं असतं.

अंधारात आपली बाहुली मोठी होते ती जास्त प्रकाश आत घेण्यासाठी. विशीत ती सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, ऐंशीच्या घरात पाचच्या आसपासच अडते. शिवाय नेत्रभिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यात समोरून हेडलाइटचा झोत आला की गढूळ भिंग तो उजेड सगळीकडे पसरवतं, आणि दिपलेला डोळा सावरायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ घेतो. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले तर तेहेतीस मीटर रस्ता न पाहता कापला जातो. आमच्या अमरावती रस्त्यावर हिवाळ्यात त्या तेहेतीस मीटरांत काय काय असू शकतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. कापसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली, मागे दिवा नसलेली बैलगाडी, आसेगावजवळ पूर्णेच्या अलीकडे कडेला लावलेला संत्र्याचा ट्रक.

म्हणून माझा पहिला सल्ला असतो तो रात्रीची गाडी सोडण्याचा. दिवसाची पुढे कितीतरी वर्षं चालवता येऊ शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तर रात्रीचीही पुन्हा सुरू करता येते, तीही तपासणी करून. गाडी सोडणं हा एका दिवसाचा निर्णय नाही. आधी रात्र सोडावी, मग चिखलदऱ्याचा घाट, मग पावसाळ्यातला लांबचा प्रवास, मग हायवे, आणि शेवटी गाव. असं टप्प्याटप्प्यानं सोडणाऱ्या माणसाला शेवटचा टप्पा जड जात नाही.

एक गोष्ट मात्र फसवी आहे. सत्तरीतला माणूस आनंदानं सांगत येतो, "मॅडम, माहा वाचायचा चष्माच सुटला!" घरचेही कौतुक करतात. पुष्कळदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट होतो, डोळ्याचा नंबर उणेकडे सरकतो, त्यामुळे जवळचं वाचता येतं आणि दूरचं बिघडतं. पेपर बिनचष्म्याचा वाचणाऱ्या आजोबांना समोरची सायकल उशिरा दिसते, ती यामुळे.

याहून मोठी काळजी काचबिंदूची. मोतीबिंदू धूसर दाखवतो, म्हणून माणूस डॉक्टरकडे येतो. काचबिंदू बहुधा काहीच सांगत नाही. तो कडेची नजर खातो. गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या चित्रानं ती जागा भरून काढतो. असा माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतो आणि बाहेर पडून गाडी सुरू करतो. डाव्या गल्लीतून येणारं पोर मात्र त्याच्या नजरेतच नसतं. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही उपचारानं परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. मला स्वतःला हा आजार आहे. आईला होता, म्हणून मी चाळिशीपासून तपासत राहिले आणि तो लवकर सापडला. दृष्टिक्षेत्राच्या आलेखात खालच्या बाजूची कड कमी होऊ लागली, त्या वर्षी मी कार विकली. अक्षरं मला आजही नीट वाचता येतात. पण रस्त्यावर कामाला येते ती कडेची नजर.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. पंचावन्न वर्षांनंतर काढलेला किंवा नूतनीकरण केलेला परवाना पाच वर्षं चालतो. चाळिशीनंतर डॉक्टरचं नमुना 1-अ प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात दिवसाच्या चांगल्या उजेडात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, हे पाहायचं असतं. परवान्याला वयाची वरची मर्यादा नाही, आणि ते मला योग्यच वाटतं, कारण पंच्याऐंशीचे धडधाकट डोळे मी पाहिले आहेत आणि पंचावन्नचे मधुमेहानं पोखरलेलेही. पण सत्तरीनंतर पाच वर्षं हा डोळ्यांच्या दृष्टीनं फार मोठा काळ आहे. परवाना वैध आहे म्हणजे नजर शाबूत आहे, असं कोणी धरून चालू नये. साठीनंतर दर वर्षी डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा, आणि 'फील्ड टेस्ट', म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, करून घ्यावी. काचबिंदूवाल्याच्या सख्ख्या भावाबहिणींनी तर चाळिशीतच.

गाडी सोडा म्हणणं डॉक्टरला सोपं असतं. त्यानंतर त्या माणसाचं काय होतं, हेही पाहायला हवं. 2016 साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. गाडी सोडलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. गाडीबरोबर बाहेर जाणं सुटतं, माणसं सुटतात, आणि मग तब्येत ढासळते. जपाननं हे ओळखलं. तिथे 1998 पासून वृद्धांना परवाना स्वेच्छेनं परत करता येतो, आणि परत करणाऱ्याला मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत असते. 2019 या एका वर्षात सहा लाखांहून अधिक लोकांनी परवाने परत केले. माणसाकडून काही काढून घ्यायचं तर हातात दुसरं काही ठेवायला हवं, हे त्यांनी धोरणातच घातलं.

आपल्या हातात काय आहे? वऱ्हाडात एसटी आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 या वयात अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्या वयाच्या बायकांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. परतवाड्याच्या स्टँडवरून अमरावती पन्नासेक किलोमीटर. अंजनगाव, अकोट, अकोला या बाजूलाही गाड्या आहेत. आयुष्यभर कार चालवलेल्या माणसाला मात्र एसटीत चढण्याची सवय राहिलेली नसते, आणि तिथे तो कचरतो. म्हणून मी रुग्णांना औषधाइतक्याच बारकाईनं बसमध्ये चढायला शिकवत आले.

दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून बसची पायरी चढू-उतरू नये. खाली पाहताना नजर भिंगाच्या वाचायच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. उतरत्या वयातली बरीच पडझड अशीच होते. घराबाहेर पडताना फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा. साधी फ्रेम पुरते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पिशवी खांद्याला अडकवावी, दोन्ही हात दांडीसाठी मोकळे हवेत. ज्येष्ठांसाठी राखीव असलेल्या पुढच्या जागेवर बसलेल्या तरुणाला उठायला सांगताना संकोच करू नये. सकाळी शाळा-कॉलेजची गर्दी ओसरली की निघावं आणि दिवेलागणीच्या आत परत यावं.

गावातल्या गावात प्रश्न वेगळा आहे. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावं. नगरपरिषद एक, पण बाजार, दवाखाने, बँका दोन्हीकडे विखुरलेल्या. अचलपूरच्या जुन्या वस्तीत, वेशी-दरवाजांच्या आतल्या गल्ल्यांत कार नेणं तरुणालाही अवघडच. तिथे ई-रिक्षा म्हाताऱ्या गुडघ्यांना मानवते, तिचा तळ खाली असतो आणि वेग बेताचा. ऑटोवाल्यांपैकी एक ओळखीचा धरावा, त्याचा नंबर फोनमध्ये पहिल्या क्रमांकावर ठेवावा, महिन्याचं ठरवून द्यावं. चिखलदरा, मुक्तागिरी, बहिरमची यात्रा यांसाठी रोजानं ड्रायव्हर घ्यावा किंवा चार घरांनी मिळून गाडी करावी. कारचा विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांचा वर्षाचा हिशेब कागदावर मांडला, तर उभ्या गाडीवर होणाऱ्या खर्चात ऑटोचे कितीतरी फेरे बसतात.

एक वाट मात्र मी कोणालाच सुचवत नाही. कार सोडून स्कूटर धरायची. "मॅडम, स्कुटीले काय होते, गावातच तर फिरतो," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डोळे तेच, मान तितकीच आखडलेली, आणि भोवती पत्र्याचं कवचही नाही. ज्या नजरेनं कार चालवू नये त्या नजरेनं दुचाकी तर मुळीच चालवू नये.

आमच्याकडे आणखी एक वाहन होतं. शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी. अचलपूर ते मूर्तिजापूर, 76 किलोमीटर, पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूरसाठीचं बनोसा असं थांबत थांबत चारएक तास. 1994 पर्यंत ती वाफेवर चालत होती. वेग नव्हता, पण तिकीट एसटीहून कितीतरी स्वस्त होतं, आणि ज्यांना धक्क्यांचा त्रास होई, वारंवार उठावं लागे, अशा वयस्कर माणसांना ती मानवत असे. आता काही वर्षांपासून ती बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे. ती मागणी लोक आठवणींपोटी करतात असं समजलं जातं. मला ती आरोग्याची मागणी वाटते. तालुक्याच्या गावातून मुख्य रेल्वेमार्गापर्यंत बसल्या जागी नेणारी गाडी ज्यांना सर्वांत जास्त हवी आहे, ते आता स्टिअरिंगवर बसू शकत नाहीत. रेल्वेनं ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली, तीही पुन्हा सुरू व्हायला हवी.

नगरपरिषदेकडूनही फार मोठं काही नको. दोन्ही गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर चालता येईल अशी मोकळी कड, पाचशे पावलांवर एखादा बाक, स्टँडबाहेर जळणारे दिवे. एसटी जिथे थांबते तिथे फूटभर उंचीचा ओटा बांधला, तरी पहिल्या पायरीची उंची बरीच कमी होते. एवढ्यावर कितीतरी माणसं घराबाहेर पडतील.

घरच्यांनाही सांगायचं आहे. दिवाळीत पुण्या-मुंबईहून मुलं येतात, बाबांनी गेटला घासलेली गाडी पाहतात, घाबरतात आणि चावी काढून घेतात. भाऊबीज आटोपली की निघून जातात. मागे राहिलेल्या माणसाला दूध, बँक, दवाखाना, देऊळ, मित्राचं घर, सगळंच एका दिवसात दूर होतं. चावी मागण्याआधी एक कागद घ्या. आठवड्यात बाबा कुठे कुठे जातात ते त्यांनाच विचारून लिहा. प्रत्येक ठिकाणापुढे कसं जायचं ते लिहा: पायी, ऑटो, बस, शेजारी. काही फेऱ्या टाळताही येतात. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. अशी फेरी वाचवा, पण मित्राच्या घरची फेरी कागदावरून खोडू नका.

आणि कार विकण्याच्या आधीच, अजून चालवता येते आहे तोवर, बसची सवय सुरू व्हायला हवी. सत्तरीत हौसेनं शिकलेली वाट ऐंशीत निमूट कामाला येते. ऐंशीत सक्तीनं शिकायला गेलं तर भीतीच जास्त वाटते. म्हणून या सुट्टीत आई-बाबांना घेऊन एकदा परतवाडा ते अमरावती एसटीनं जा आणि एसटीनंच परत या. त्यांना स्वतः चढू द्या, स्वतः तिकीट मागू द्या. आणि निघण्याच्या आधी दोघांचीही फील्ड टेस्ट करून घ्या.