पाव मैलाचा रस्ता

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना दूरध्वनी केला. आम्ही दोघे म्हणजे वसतिगृहाच्या एकाच खोलीत सहा वर्षे राहिलेले, एकाच बाकावर बसलेले आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथे, एकमेकांपासून दोन मैलांवर स्थिरावलेले माजी विद्यार्थी. हा लेख आमचा दोघांचा आहे. जेथे आमची मते जुळत नाहीत, तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

पहाटेची घंटा, थंडीतील विहिरीवरची अंघोळ, पंगतीतली आमटी यांविषयी इतर बंधुभगिनी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही मोटारींच्या शर्यतीविषयी लिहिणार आहोत. हा विषय या ग्रंथात अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा उगम शाळेच्या कार्यशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्येच आहे आणि त्या शेडसंबंधी संस्थेला आमचे एक उत्तर देणे लागते. दोन वर्षांपूर्वी शेड पाडून तेथे संगणक कक्ष बांधण्याचा ठराव झाला, तेव्हा आम्ही दोघांच्या सहीने विरोधाचे पत्र पाठविले होते. पत्र लांब होते आणि आज वाचताना थोडे उद्धटही वाटते.

कार्यशाळेचे सर ज्यांना आठवतात, त्यांना सरांचा स्क्रू-ड्रायव्हरही आठवत असेल. विहिरीवरचे डिझेल इंजिन कुरकुरू लागले की सर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला लावीत, लाकडी मूठ कानाच्या पाळीमागे हाडावर टेकवीत आणि डोळे मिटून घेत. मग म्हणत, "टॅपेट सैल झालाय. पाना आणा." आम्ही धावत जाऊन पाना आणीत असू. निदान चुकल्याचे आम्हांला तरी आठवत नाही. आमच्याही कानाला त्यांनी ती मूठ लावली होती. आतला तो खडखडाट, त्यातून वेगळा काढता येणारा एकच ठोका, हे आमच्या आयुष्यातील यंत्रशास्त्राचे पहिले शिक्षण होते. पुढे आमच्यापैकी एकाने इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यावर पोट भरले. म्हणजे सरांचा स्क्रू-ड्रायव्हर अनावश्यक ठरविण्याचे वेतन त्याने वीस वर्षे घेतले.

१९९८च्या उन्हाळ्यात एका सहकाऱ्याने आम्हांला इंग्लिशटाउनला नेले. एडिसनहून अर्ध्या तासाच्या अंतरावर तेथे रेसवे पार्क नावाचे शर्यतीचे मैदान होते. १९६५ पासून तेथे ड्रॅग रेसिंग चाले. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, इशारा होताच जागेवरून सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल धावतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. विदर्भात ज्यांनी शंकरपट पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाव मैल म्हणजे १३२० फूट, साधारण ४०२ मीटर; आपल्या वसतिगृहाच्या फाटकापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत होईल इतकेच अंतर. ते कापण्यासाठी माणसे वर्षभर रात्री जागून गाड्या उघडतात आणि जोडतात, हे प्रथम हास्यास्पद वाटले. नंतर वाटले नाही.

या खेळाचा जन्म गरिबीत नसला, तरी जुगाडात झाला आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण, ज्यांतील कित्येक सैन्यात यंत्रे दुरुस्त करावयास शिकून आले होते, जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, त्यांवरील अनावश्यक पत्रा कापून टाकीत आणि वाळलेल्या सरोवरांच्या तळावर त्या पळवीत. गावच्या रस्त्यांवरही शर्यती लागत, त्यामुळे पोलीस आणि नागरिक त्रस्त होते. १९५० साली सी. जे. हार्ट आणि त्यांच्या साथीदारांनी सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावरची पोरे मैदानात आणावीत, हा त्यामागील हेतू होता. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली. तेथे इतका पाऊस पडला की स्पर्धा अर्धवट राहिली आणि उरलेली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅरिझोनात पुरी करावी लागली. त्या काळी इशारा करण्यासाठी दोन गाड्यांच्या मधोमध निशाणवाला उभा राही आणि निशाण उंचावत स्वतःही हवेत उडी घेई. चालक त्याच्या खांद्याची हालचाल ओळखून गाडी सोडीत, असे जुने लोक सांगत. १९६३ पासून त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. नाताळातील झाडासारखा दिसतो, म्हणून सगळे त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

निशाणवाल्याची हकीकत आम्हांला ज्याने सांगितली, तो म्हातारा आम्हांला इंग्लिशटाउनच्या दुसऱ्याच भेटीत भेटला. कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याच्याकडे १९७१ सालची प्लिमथ डस्टर होती. आम्ही आपसात त्याला आजोबा म्हणत असू. त्याला ते कधी कळले नाही. आम्ही त्याच्या गाडीकडे फार वेळ पाहत उभे राहिलो म्हणून त्याने आमच्या हातात पाण्याचा डबा दिला आणि रेडिएटरकडे बोट दाखविले. त्या क्षणापासून सतरा-अठरा वर्षे आम्ही त्याचे बिनपगारी मदतनीस होतो.

आजोबा प्लग वाचीत असे. धाव संपताच इंजिन तत्काळ बंद करावयाचे, गाडी तशीच घरंगळू द्यावयाची आणि जागेवर येऊन स्पार्क प्लग काढावयाचे, म्हणजे पूर्ण वेगात आत काय घडले त्याची खूण पुसली जात नाही. प्लगच्या चिनी मातीचा रंग पांढरा पडला असेल, तर पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापते. काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. फिकट तपकिरी असेल, तर ठीक. त्यावरून तो कार्ब्युरेटरचे जेट बदली. आठही प्लग तो फळीवर क्रमाने मांडी आणि भिंगातून पाही. आम्हांला वाचावयास सांगे आणि आम्ही चुकलो की काही न बोलता भिंग परत आमच्या हातात देई.

त्याचे कान जवळजवळ गेले होते. तीस-चाळीस वर्षे उघड्या सायलेन्सरांच्या शेजारी उभे राहिल्याचा तो परिणाम. म्हणून इंजिन चालू असताना तो तळहात मडगार्डवर ठेवी. आमच्यापैकी एकाला त्या वेळी सरांचा स्क्रू-ड्रायव्हर आठवला आणि त्याने तसे बोलूनही दाखविले. दुसऱ्याचे म्हणणे असे पडले की सरांचे कान शाबूत होते आणि या माणसाचे नाहीत, हाच येथे ध्यानात घ्यावयाचा भाग आहे. आमचा मतभेद येथून सुरू झाला.

मतभेद असा. एकाचे म्हणणे, जुना काळ चांगला होता. माणसाला आपले यंत्र ठाऊक होते. आता मोठ्या गाड्यांत प्रत्येक धावेची शेकडो मापे संगणक टिपतो आणि दुरुस्ती करणारे गाडीकडे पाहण्यापूर्वी पडद्याकडे पाहतात. दुसऱ्याचे म्हणणे, जुन्या काळाची किंमत माणसांनी अंगावर झेलली. डॉन गार्लिट्स हा या खेळातील सर्वांत नावाजलेला चालक. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स मैदानावर त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. तोवर अशा गाड्यांत इंजिन चालकाच्या पुढे असे आणि जे काही फुटे ते त्याच्या अंगावर येई. गार्लिट्सने रुग्णशय्येवर विचार करून इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ साली ती जिंकू लागली. थोड्याच वर्षांत सर्वांनी तीच रचना उचलली. पुढच्या इंजिनाच्या गाड्या अधिक देखण्या होत्या, हे आम्हां दोघांनाही मान्य आहे. २१ जून २००८ रोजी तर आमच्याच इंग्लिशटाउनला, पात्रता फेरीत, स्कॉट कॅलिट्टा या चालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणले गेले. त्यावर जुने प्रेक्षक हळहळले. आमच्यापैकी जो जुन्या काळाच्या बाजूने बोले, तो त्या आठवड्यात काही बोलला नाही.

आता आजोबांच्या प्रकारच्या शर्यतीचा नियम सांगणे आवश्यक आहे. येथे केवळ वेगवान गाडी जिंकत नाही. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत कापील, ते प्रत्येकाने आधी जाहीर करावयाचे. बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर आकडा लिहितात. मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. मात्र लिहिलेल्या आकड्यापेक्षा गाडी वेगाने धावली, तर सामान्यतः हार. म्हणजे आपल्या गाडीविषयी खरे बोलावे लागते, शतांश सेकंदापर्यंत. आजोबांकडे त्यासाठी वह्या होत्या: तारीख, तापमान, हवेचा दाब, दमटपणा, टायरमधील हवा, लागलेला वेळ. एका हिवाळ्यात आम्ही त्या वह्या घरी नेल्या आणि सगळे आकडे संगणकात भरून एक छोटी आज्ञावली तयार केली. हवामान टाकले की ती काचेवर लिहावयाचा आकडा सांगे. जुन्या काळाचे गुणगान करणाऱ्यानेच ती लिहिली, हे येथे नोंदविले पाहिजे.

सत्तरीनंतर आजोबा हरू लागला. झाडावरचे तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. तिसरा पिवळा दिसताच गाडी सोडावी लागते. लवकर सुटली तर लाल दिवा, उशिरा सुटली तर वेळ वाया. त्याला दोन्ही होऊ लागले. यावर उपाय आहे. 'डिले बॉक्स' नावाची पेटी बसविली की चालकाने पहिला पिवळा दिवा दिसताच बटण सोडावे; गाडी किती वेळाने सोडावयाची, ते पेटी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजते. जुन्या मताची मंडळी तिला चालकाच्या जागी बसविलेला नोकर म्हणतात आणि पेटी नसलेल्यांच्या गटातच धावतात. आजोबाही त्यांतच धावत असे. आम्ही समजत होतो की तो तत्त्वाने धावतो.

त्याला पेटीविषयी विचारावे की नाही, यावर आम्ही दोघे आठवडाभर भांडलो. एकाला तो त्याचा अपमान वाटत होता. अखेर विचारले. आजोबा म्हणाला, "किती पैसे पडतात?" आम्ही सांगितले. "मग इतकी वर्षे का नाही सांगितलेत? मला वाटले, तुम्ही दोघे कॉम्प्युटरवाले असून बोलत नाही, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार."

पेटी बसविली, तिला लागणारा ट्रान्सब्रेकही बसविला. महिनाभराने तो तीन फेऱ्या जिंकला आणि गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदाच आमच्या पाठीवर थाप मारली. निशाणवाल्याची त्याला आठवण येत नाही का, असे आमच्यापैकी एकाने त्या संध्याकाळी विचारले. तो म्हणाला की निशाणवाला ओळखीच्यांना अर्धा क्षण आधी सोडी आणि त्याची मात्र फारशी कुणाशी ओळख नव्हती. हे वाक्य आम्हां दोघांनाही, ज्या समाजातून आणि ज्या गावांतून आम्ही आलो तेथल्या आठवणींमुळे, लगेच समजले. दिव्यांच्या खांबाला कुणाचे आडनाव ठाऊक नसते.

जानेवारी २०१८ मध्ये इंग्लिशटाउनच्या मालकांनी ड्रॅग रेसिंग बंद केल्याचे जाहीर केले. आम्ही खिन्न झालो आणि सांत्वनासाठी आजोबांना दूरध्वनी केला. त्याला सांत्वन नको होते. दक्षिण जर्सीतील अ‍ॅटकोचे मैदान समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे आणि तो आकडा आमच्या आज्ञावलीत कोठे भरावयाचा, एवढेच त्याने विचारले. दोन उन्हाळे तो तेथे धावला. आता तो नाही. २०२३ मध्ये अ‍ॅटकोही बंद झाले. प्लगचे भिंग त्याच्या मुलाने आम्हांला पाठविले. ते एकाच्या घरी आहे आणि वह्या दुसऱ्याच्या.

तेव्हा कार्यशाळेच्या शेडसंबंधी पाठविलेले पत्र आम्ही मागे घेत आहोत. सरांना विचारले असते, तर त्यांनी संगणक कक्षासाठी स्वतः फीत धरून मोजमाप घेतले असते, असे आता वाटते. त्यांच्या हयातीत विचारावयाचे राहून गेले. एक विनंती मात्र आहे. विहिरीवरचे जुने इंजिन भंगारात देऊ नये. कक्षाच्या मागच्या बाजूस सिमेंटचा ओटा बांधून ते चालू स्थितीत ठेवावे आणि शनिवारी दुपारी अर्धा तास सुरू करावे. शेजारी खिळ्याला लाकडी मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर असावा. ओट्याचा आणि डिझेलचा खर्च आम्ही दोघे करू. टॅपेट मात्र मुलांनीच ओळखावा, कुणी आधी सांगू नये.