पैसे घेऊन खेळणारा मास्तर

परतवाड्याच्या आसपासच्या गावांत कबड्डीचे खुले सामने होतात, तेव्हा संघात एक-दोन बाहेरचे गडी असतातच. त्यांना ठरलेली रक्कम मिळते, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ‘पैशासाठी खेयते तो’ हे वाक्य आमच्याकडे शिवीसारखं वापरतात. नॅट होल्मनबद्दल वाचताना मला ते सारखं आठवत होतं.

होल्मन १८९६चा, न्यूयॉर्कचा, रशियातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. बास्केटबॉल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. सुरुवातीचे पगारी सामने बरेचदा जाळीच्या पिंजऱ्यात व्हायचे आणि खेळाडू जास्त पैसे देईल त्याच्याकडून खेळायचे, थेट आमच्या बाहेरच्या गड्यांसारखे. ‘ओरिजिनल सेल्टिक्स’नं करार करून खेळाडू बांधून घेतले. होल्मन त्यांचा मोठा तारा. गंमत म्हणजे १९१९ पासून तो सिटी कॉलेजचा प्रशिक्षकही होता. स्वतः पैसे घेऊन खेळायचं आणि कॉलेजात बिनपैशाच्या पोरांना तोच खेळ शिकवायचा.

या कॉलेजला फी नव्हती; कष्टकऱ्यांची हुशार मुलं तिथं यायची. १९५० मध्ये होल्मनच्या ज्यू आणि कृष्णवर्णीय पोरांनी एकाच हंगामात एनआयटी आणि एनसीएए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. ते दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. पुढच्याच वर्षी कॉलेजचे सात खेळाडू सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याच्या प्रकरणात सापडले. सट्ट्यात धरलेल्या फरकापेक्षा कमी गुणांनी जिंकायचं, वेळ पडली तर हरायचंही, असा तो सौदा. (सट्टा म्हणजे काय, हे आयपीएलच्या दिवसांत आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.)

मला काहीच माहीत नव्हतं, असं होल्मनचं म्हणणं. १९५२ मध्ये तो निलंबित झाला, १९५४ मध्ये परत आला. माझा त्याच्यावर विश्वास बसतो आणि तेच मला खटकतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरत होतं, तिकिटं खपत होती, प्रशिक्षकाला पगार होता. घाम गाळणाऱ्या पोरांना त्यातलं काही नव्हतं. त्यांनी केलं ते वाईटच. पण खेळाचा मोबदला आयुष्यभर ताठ मानेनं घेतलेल्या माणसाला तरी हे दिसायला हवं होतं.

होल्मन १९६० मध्ये निवृत्त झाला, ९८ वर्षं जगला. पोरांना एनबीएचं दार कायमचं बंद झालं. काही जण छोट्या ईस्टर्न लीगमध्ये थोड्या पैशांवर खेळत राहिले. त्यांतलाच एक, फ्लॉइड लेन, १९७४ मध्ये त्याच सिटी कॉलेजचा प्रशिक्षक झाला.