परातीत ताट, ताटात वाटी!

मित्रांनो, भारताचा नकाशा काढताना तुमचा हात कुठे अडखळतो? कन्याकुमारीचं टोक तर डोळे मिटूनही जमतं. पण पश्चिम बंगालची निमुळती मान आली, की पेन्सिल थबकते. तिथली रेषा आत जाते, बाहेर येते, गिरकी घेते. कंटाळून आपण ती सरळ ओढून टाकतो आणि गुरुजी एक गुण कापतात!

आज आपण नेमकं तिथेच फिरायला जाऊ. वही, पेन्सिल आणि नकाशा सोबत असू द्या.

न्यू कूचबिहार स्टेशनावर उतरलं, की समोर हिरवागार सपाट मुलूख दिसतो. भाताची खाचरं, तागाची उंच शेतं, बांबूची बेटं, सुपारीची झाडं. जवळून तोर्षा नदी वाहते. शहरात १८८७ साली बांधलेला विटांचा भव्य राजवाडा आहे. या राजवाड्याशी आपलंही एक नातं आहे बरं का! बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे या इथल्या महाराणी होत्या. त्यांचा मुलगा जगद्दीपेंद्र नारायण लहान असताना राज्याचा कारभारही त्यांनी पाहिला. हे जगद्दीपेंद्र म्हणजे कूचबिहारचे शेवटचे राजे. आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

शहरातून दिनहाट्याच्या रस्त्याला लागलं, की बांगलादेशाची सरहद्द जवळ येते. भारत आणि बांगलादेश यांची सीमा ४०९६ किलोमीटर लांब आहे. आपल्या देशाची ही सगळ्यांत लांब सरहद्द. सरहद्द म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? इकडे आपण, तिकडे ते आणि मध्ये एक कुंपण. पण २०१५ पर्यंत इथे तसं नव्हतं. सरहद्द ओलांडायच्या आधीच, भारताच्या पोटात बांगलादेशाची ५१ गावं लागायची. आणि पलीकडे बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते. एकूण १६२ बेटं! फक्त त्यांच्याभोवती पाण्याऐवजी दुसऱ्या देशाची जमीन होती.

भूगोलाच्या पुस्तकात अशा जागेला 'परवेष्टित प्रदेश' म्हणतात. म्हणजे दुसऱ्याने चहूबाजूंनी वेढलेला. तिथल्या लोकांचा शब्द जास्त सोपा आहे, 'छीटमहल'. छीट म्हणजे तुटक तुकडा आणि महाल म्हणजे राजवाडा नव्हे, तर महसुलाचा विभाग. आपल्याकडे पूर्वी तालुक्याहून लहान विभागाला महाल आणि तिथल्या अधिकाऱ्याला महालकरी म्हणत, तोच हा महाल.

आता गंमत ऐका. दहला खगराबाडी नावाचं जेमतेम पावणेदोन एकरांचं तागाचं एक शेत होतं. ते भारताचं. त्याच्याभोवती होतं बांगलादेशाचं गाव. त्या गावाभोवती पुन्हा भारताचा एक मोठा तुकडा. आणि त्या तुकड्याभोवती बांगलादेश! काय, चक्रावलात ना? स्वयंपाकघरात जाऊन करून बघा. परात म्हणजे बांगलादेश. परातीत ठेवा ताट, तो भारत. ताटात वाटी, पुन्हा बांगलादेश. आणि वाटीत टाका एक शेंगदाणा. ते आपलं शेत! त्या शेतातून सलग भारतात यायचं, तर चार सरहद्दी ओलांडाव्या लागत. जगात असं दुसरं ठिकाण नव्हतं.

हा गुंता झाला कसा? कूचबिहारचा राजा आणि तिथला नवाब बुद्धिबळ खेळायला बसत आणि गावं पणाला लावत, अशी एक दंतकथा तिकडे सांगतात. ऐकायला मजेदार आहे, पण खरं कारण वेगळं आहे. कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्या लढाया चालल्या होत्या. १७१३ च्या सुमारास तह झाला. ज्याच्या हाती जे गाव होतं, ते त्याच्याकडेच राहिलं. त्यामुळे राजाची काही गावं मोगलांच्या मुलखात अडकली आणि मोगलांच्या सरदारांची काही गावं राजाच्या मुलखात. तेव्हा याचा कुणाला त्रास नव्हता. शेतसारा कुणाला द्यायचा, एवढाच काय तो फरक! बाकी बाजार एक, भाषा एक, सोयरीक एक. पुढे इंग्रज आले, तरी माणसं इकडून तिकडे जात-येतच राहिली.

मग आला १९४७ चा ऑगस्ट. सर सिरिल रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलाने जेमतेम पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगालच्या फाळणीच्या रेषा आखल्या. त्याआधी तो भारतात कधी आलाही नव्हता. रंगपूर जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला. कूचबिहार संस्थान होतं, ते १९४९ साली भारतात सामील झालं. त्या करारावर सही केली आपल्या ओळखीच्या जगद्दीपेंद्र नारायणांनी. राजा भारतात आला आणि रंगपुरात विखुरलेली त्याची गावंही कागदोपत्री भारताची झाली. एका सहीने शेताचा बांध आंतरराष्ट्रीय सरहद्द बनला! १९७१ साली पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला, तरी हे तुकडे होते तिथेच राहिले.

आता जरा पुस्तकातला प्रश्न घेऊ. देश, म्हणजे राज्यशास्त्रातलं 'राज्य', कशाने बनतं? १९३३ साली दक्षिण अमेरिकेतल्या मॉंटेव्हिडिओ शहरात एक करार झाला. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: कायम राहणारी माणसं, ठरलेली भूमी, सरकार आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. आता हे छीटमहलला लावून बघा. भूमी होती. माणसंही होती. २०११ मध्ये दोन्ही देशांनी मिळून मोजली, तेव्हा ५१,५४९ भरली. पण सरकार? ते नकाशावर होतं, गावात नव्हतं.

समजा, तुम्ही बांगलादेशातल्या भारतीय छीटमहलमध्ये राहता. नकाशा म्हणतो, तुम्ही भारतीय. मग जा ना भारतात! पण वाटेत बांगलादेश आहे. तो ओलांडायला व्हिसा हवा. व्हिसासाठी पासपोर्ट हवा. पासपोर्टचं ऑफिस भारतात. आणि भारतात जायला बांगलादेश ओलांडायला हवा! फिरून फिरून भोपळे चौकात. बाहेर पाऊल टाकलं, की तुम्ही घुसखोर.

मग गावात शाळा कोण काढणार? बांगलादेशाचं सरकार म्हणे, ही आमची जमीन नाही. भारताचं सरकार पोहोचू शकत नव्हतं. दवाखाना नाही, पोलीस नाही, मतदान नाही. विजेच्या तारा शेजारच्या गावापर्यंत येत आणि तिथेच थांबत. चोरी झाली तर तक्रार कुणाकडे करायची? मुलांना शिकायचं असेल, तर शेजारच्या गावातला कुणी ओळखीचा माणूस शोधावा लागे आणि शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून त्याचं नाव लावावं लागे. विचार करा. स्वतःचे वडील घरी असताना हजेरीपटावर दुसऱ्याच्या वडिलांचं नाव! भारतातल्या बांगलादेशी छीटमहलमध्येही हीच कथा होती.

इथे कुणी विचारेल, असे तुकडे तर आपल्याजवळही आहेत. अगदी बरोबर! पालघर जिल्ह्याच्या पलीकडे नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गाव आहे. ते गुजरातचं आहे. पण तिथे कुणाचं काही अडत नाही. कारण एका देशातली राज्याची हद्द ओलांडायला पासपोर्ट लागत नाही. राज्यांची हद्द आणि देशांची हद्द यांतला फरक हा असा आहे. नकाशावर दोन्ही रेषाच दिसतात.

परवेष्टित प्रदेशाचा जीव असतो वाटेत. वाट बंद झाली, की तो गुदमरतो. तो ओळखून कूचबिहार जिल्ह्यात मेखलीगंजजवळ एक उपाय काढला गेला. तिथे दहग्राम-अंगारपोता हे बांगलादेशाचं मोठं छीटमहल आहे. ते आणि मुख्य बांगलादेश यांच्यामध्ये भारताची जेमतेम तीन बिघे जमीन आहे. म्हणून नावच पडलं 'तीनबिघा'. १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद अशी ही पट्टी. २६ जून १९९२ रोजी भारताने ती बांगलादेशी लोकांना ये-जा करण्यासाठी खुली करून दिली. सुरुवातीला ती फक्त दिवसा आणि ठरावीक तासच उघडत असे. रात्री कुणी आजारी पडलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची. २०११ पासून ती चोवीस तास खुली झाली.

पण १६२ तुकड्यांना १६२ वाटा कुठून आणणार? त्यापेक्षा सोपं काय? अदलाबदल! तुमच्या पोटातलं तुम्ही ठेवा, आमच्या पोटातलं आम्ही ठेवतो. ही गोष्ट सुचली होती फार पूर्वी. १९५८ साली पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझ खान नून यांचा करार झाला. १९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी नव्याने करार केला. मग इतकी वर्षं का लागली? कारण देशाची भूमी म्हणजे खिशातला रुमाल नव्हे. भारताची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच सांगितलं होतं. शिवाय या अदलाबदलीत भारताच्या वाट्याला सुमारे ७ हजार एकर येणार होते आणि जाणार होते सुमारे १७ हजार एकर. त्यामुळे विरोधही झाला. अखेर मे २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती मंजूर केली.

३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र. छीटमहलमध्ये ६८ मेणबत्त्या लावल्या गेल्या. १९४७ पासूनच्या एकेका वर्षासाठी एक. बाराच्या ठोक्याला नकाशावरची ती बेटं पुसली गेली. दहग्राम-अंगारपोता मात्र तीनबिघ्यामुळे आहे तसंच ठेवलं गेलं.

त्याआधी घरोघरी जाऊन एक प्रश्न विचारला होता: तुम्हाला कुठल्या देशाचं नागरिक व्हायचंय? बहुतेकांनी उत्तर दिलं, जिथे आमचं घर आणि शेत आहे तिथलं. भारताच्या बाजूच्या १४ हजारांहून जास्त लोकांपैकी कुणीच बांगलादेशात गेलं नाही. पलीकडच्या सुमारे ३७ हजारांपैकी हजाराहून कमी लोक भारतात आले. त्यांचा प्रवास सोपा नव्हता. शेतं मागे राहिली, काहींचे सख्खे नातेवाईक मागे राहिले आणि इकडे काही वर्षं तात्पुरत्या छावणीत पत्र्याच्या खोल्यांत काढावी लागली. रेषा पुसली, तरी तिचा ओरखडा असा मागे राहतो.

पण २०१६ च्या विधानसभा निवडणुकीत इथल्या आजोबा-आजींनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. आणि मुलांना शाळेत आपल्या खऱ्या वडिलांचं नाव सांगता येऊ लागलं.

आता एक काम करा. घरी आईला विचारून तुमचा जन्मदाखला आणि रेशनकार्ड बघायला मागा. त्यावर तुमचं नाव, वडिलांचं नाव, गावाचं नाव आणि सरकारचा शिक्का दिसेल. आपल्याला तो साधा कागद वाटतो. कूचबिहारच्या छीटमहलमधल्या मुलांना त्याच्यासाठी ६८ वर्षं थांबावं लागलं. तो नीट घडी घालून परत जागेवर ठेवा. आणि हो, पुढच्या वेळी नकाशा काढाल, तेव्हा बंगालजवळची ती रेषा सरळ ओढू नका!